जुन्या सेस्ना १५० मधले काचेचे फ्यूज काढून ब्रेकर लावावेत का?

टेलविंड:
विमान साठच्या दशकातलं, १२ व्होल्टचं. पॅनेलवर काचेचे फ्यूज. त्यांच्या टोप्या इतक्या ठिसूळ झाल्यात की परवा एक फिरवताना बोटातच तुटली. लँडिंग लाइटचा १० ॲम्पचा फ्यूज अधूनमधून उडतो. हँगरमधले म्हणतात, सगळेच काढून ब्रेकर लावू (जादा करंट आला की सर्किट तोडणारं, परत दाबून चालू करता येणारं बटण). मग लँडिंग लाइटला थेट १५ चाच लावला तर कटकट मिटेल ना? रात्री उडवतो, त्यामुळे अंधारात टॉर्च तोंडात धरून फ्यूज बदलणं नको झालंय.

बसबार:
ब्रेकर जरूर लावा, पण १५ चं डोक्यातून काढा. ब्रेकर दिव्याची राखण करत नाही, तारेची करतो. तार किती गेजची (जाडीची; आकडा लहान तितकी तार जाड) आहे हे बघितल्याशिवाय आकडा ठरतच नाही. एसी ४३.१३-१बी (अमेरिकी विमान नियामक एफएएची दुरुस्तीची मार्गदर्शिका) मधला तक्ता उघडा: २२ गेजला ५ ॲम्प, २० ला साडेसात, १८ ला १०, १६ ला १५. त्याच तक्त्यात १६ गेजला फ्यूज मात्र १० चाच दिलाय, म्हणजे ‘फ्यूजवर जो आकडा तोच ब्रेकरवर’ हा हिशोबही दर वेळी बसत नाही. तुमची तार १८ ची निघाली आणि तिच्यामागे १५ चा ब्रेकर असला, तर अर्धवट शॉर्टमध्ये १४ ॲम्प वाहत राहतील, जुडग्यातली तार तापत राहील आणि ब्रेकर ढिम्म हलणार नाही.

आता फ्यूज का उडतो ते बघा. १०० वॅटचा दिवा ८ ॲम्पच्या आसपास घेतो, १० चा फ्यूज टिकायला हवा. होल्डरची स्प्रिंग ढिली पडली की तिथेच उष्णता होते आणि फ्यूज लवकर जातो. होल्डर मागून तपकिरी पडलाय का बघा. दिवा पंखात असेल तर रिबमधली (पंखाच्या आतल्या आडव्या पत्र्यांमधली) ग्रोमेटं, म्हणजे तारेच्या भोकातली रबरी कडी, तपासा. ती वाळून गळतात आणि तार उघड्या पत्र्यावर घासते. मूळची पीव्हीसी तार असेल तर त्याच वेळी टेफझेलची (उष्णता सोसणाऱ्या आवरणाची) तार ओढून घ्या. पीव्हीसी जळली की कॉकपिटमध्ये जो धूर होतो तो नको.

आणि ब्रेकर ओढता येणारेच घ्या. जुन्या विमानांत नुसते दाबून रीसेट होणारे बरेच दिसतात. धूर आला तर ते बाहेर ओढून सर्किट तोडता येत नाही. आपोआप रीसेट होणारे गाडीचे ब्रेकर तर मुळीच नकोत.

उजवी सीट:
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू. अमेरिकी नियमात रात्रीच्या उड्डाणाला फ्यूजचा एक जादा संच किंवा प्रत्येक प्रकारचे तीन हाताशी लागतात. ब्रेकर लावले की ती भानगड संपते, पण बटण परत आत दाबायचा मोह सुरू होतो. २००७ मध्ये फ्लोरिडात सॅनफर्डला सेस्ना ३१० पडलं. आदल्या दिवशीच्या वैमानिकाने जळका वास आला म्हणून वेदर रडारचा ब्रेकर ओढून तक्रार लिहून ठेवली होती. दुरुस्ती न होताच विमान उडालं. तो ब्रेकर परत दाबला गेला असावा, असं तपासात निघालं. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. लँडिंग लाइट उडाला तर उडू दे, त्याच्याशिवाय उतरता येतं. मी विद्यार्थ्यांना हवेत त्या बटणाला हात लावू देत नाही.

टेलविंड:
पॅनेल उघडलं. तार १८ ची, होल्डर मागून चक्क काळा. १० चाच घेतो. पण होल्डरची भोकं ब्रेकरच्या मानेपेक्षा मोठी वाटतायत, त्याचं काय?

बसबार:
मागून नवी पट्टी लावून तिला बरोबर मापाची भोकं पाडा, वॉशरवर भागवू नका. बसबार, म्हणजे सगळ्या ब्रेकरना वीज पुरवणारी धातूची पट्टी, तीही नवी करा, जुनीचे स्क्रू ढिले असतात. आणि कापाकापीच्या आधी तुमच्या इंजिनिअरला कागदपत्रं विचारा: मान्य डेटा (बदलाला आधार असलेली मंजूर तांत्रिक माहिती) कुठला, लॉगबुकात नोंद कशी, वायरिंगच्या आकृतीत बदल कोण करणार.