पॉलिफेनॉल पेशीत शिरून कोलेस्टेरॉलचं नेमकं काय करतात?

जिज्ञासू७२: ग्रीन टीतल्या पॉलिफेनॉलमुळे (वनस्पतींतली संयुगं) एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरतं, असं जो तो सांगतो. पण पेशीच्या आत घडतं काय? स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधासारखंच का?

पेट्रीडिश: यकृताच्या पेशी वाढवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून लिहिते. पेशीतलं कोलेस्टेरॉल घटलं की एसआरईबीपी-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टरचं (पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक चालू करतं. रिसेप्टर वाढले की रक्तातलं एलडीएल आत ओढलं जातं. (याच रिसेप्टरवरच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985चं नोबेल.) हेपजी२ पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी यकृताच्या पेशी) ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल, दिलं की रिसेप्टर वाढलेले दिसतात. स्टॅटिन मात्र थेट एचएमजी-सीओए रिडक्टेज हे कोलेस्टेरॉल बनवण्यातलं एन्झाइम अडवतं.

खरी मेख मात्रेत आहे. डिशमध्ये आम्ही सर्रास 10 ते 50 मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचं एकक) ईजीसीजी ओततो. चहा पिऊन रक्तात 1 मायक्रोमोलर गाठणंही मुश्कील. त्यात ईजीसीजी पेशी वाढवायच्या द्रवातच ऑक्सिडाइज होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग दिसलेला परिणाम नक्की कुणाचा?

जिज्ञासू७२: मग अर्काच्या गोळ्या घेतल्या तर?

साखरकमी: त्या नादी लागू नका. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक म्हणून घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स (यकृताच्या इजेची संभाव्य खूण) वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018मध्ये सांगितलंय. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पेट्रीडिश: अगदी. माणसांवरच्या चाचण्यांत एलडीएल थोडंसंच उतरतं, आणि त्यातला काही भाग आतड्यातलं शोषण कमी झाल्याचाही असू शकतो.