मदत हवी आहे: कुलेब्राला स्वतः विमान उडवत जायचंय

नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात राहतो, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, जेमतेम 140 तास झालेत. फेब्रुवारीत पोर्तो रिकोला जातोय. तिथे अमेरिकेचंच लायसन्स चालतं, त्यामुळे सान हुआनच्या इस्ला ग्रांदे विमानतळावरून सेस्ना 172 (एका इंजिनाचं छोटं विमान) भाड्याने घेऊन व्हिएकेस आणि कुलेब्रा ही जवळची दोन बेटं करायचा विचार आहे.

व्हिएकेसची काळजी नाही, धावपट्टी ऐसपैस आहे. धाकधूक आहे ती कुलेब्राची. धावपट्टी जेमतेम 2600 फूट. पट्टीच्या 13 नंबरच्या टोकाकडून उतरताना दोन टेकड्यांच्या खिंडीतून यायचं आणि अगदी शेवटी वळून पट्टीच्या रेषेत यायचं. त्यात पूर्वेचा व्यापारी वारा टेकड्यांवरून खाली आपटतो. व्हिडिओ बघतानाच हाताला घाम फुटला. माझी सवय फ्लोरिडाच्या सपाट मैदानाची, तिथे टेकडी म्हणजे कचऱ्याचा डोंगर!

इथे कुणी तिकडे उडवलंय का? वारा सकाळी खरंच कमी असतो का? उतरणं रद्द करायचा निर्णय कुठल्या टप्प्याला घेता, म्हणजे पुन्हा वर चढायला जागा उरते? सोबत तिथला इन्स्ट्रक्टर घेणारच आहे, पण किती फेऱ्यांनंतर हात बसला?

दुसरं, मधला समुद्र. 3000 फुटांवर इंजिन गेलं तर 172 हवेत तरंगत चार-साडेचार सागरी मैल जाईल, बस. लाइफ जॅकेट अंगावरच घालून बसता का? बायको म्हणते, बोटीने जाऊ.