बंदूक कोणाकडे आहे?

मंदार (बी-३०४): गणपतीत क्लब हाऊसला लावायला माझा जुना व्हिडिओ गेम दिला होता. खोकं परत आलं, दोन्ही रिमोट आहेत, बंदूक नाही. कोणाकडे असेल तर द्या.

साने काका (ए-१०२): बंदूक?? सोसायटीत?? सेक्रेटरींनी त्वरित खुलासा करावा.

मंदार: प्लास्टिकची हो काका. बदकं मारायची.

साने काका: मग तसे लिहावे. बीपीची गोळी घेतली मी.

शिल्पा वहिनी (बी-१०१): आमच्या ओमने दोनच मिनिटं घेतली होती. एवढ्या मोठ्या टीव्हीवर चाललीच नाही म्हणे.

मंदार: चालणारच नाही वहिनी. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला दिसला तर बदक पडलं. सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, संपलं. म्हणून क्लब हाऊसचा जुना टीव्ही ठेवा म्हणत होतो. तो भंगारात कोणी घातला ते सगळ्यांना माहीत आहे.

राजेश (सेक्रेटरी): मंदारजी, तो ठराव एजीएममध्ये मंजूर आहे. आपण गैरहजर होतात 🙏

प्रसाद (सी-२०१): टीव्हीला नळी टेकवून मारायचो आम्ही. नेम चुकला की ते कुत्रं गवतातून वर येऊन हसायचं. अजून डोक्यात जातं.

शिल्पा वहिनी: आमचे बाबा अ‍ॅडॉप्टर कपाटात कुलूप लावून ऑफिसला जायचे. आम्ही दोघं भावंडं बंद टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसायचो, तोंडाने आवाज काढत.

साने काका: योग्यच केले त्यांनी. गेमने टीव्हीची ट्यूब जाते असे म्हणत.

मंदार: बंदूक कोणाकडे आहे? काळी. वायरला लाल टेप.

प्रसाद: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. कॉन्ट्रा गेमचा चीट कोड, ३० लाइफ! बायकोचा नंबर पाठ नाही, हे आहे.

मेघा (सी-२०१): वाचलं.

शिल्पा वहिनी: 😂😂 आणि कॅसेट फुंकायची!

मंदार: फुंकून काही होत नव्हतं. काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, एवढंच. वाफेने उलट गंजायच्या. मी खोडरबर फिरवायचो. माझ्या कॅसेटी अजून चालतात. घरात आहेत तेवढ्या.

प्रसाद: हा टोमणा कोणाला?

मंदार: १९९६. कॉन्ट्रा. ‘आठ दिवसांत देतो.’

प्रसाद: त्याबदल्यात ९९९९ इन १ दिली होती की!

मंदार: त्यात दहाच गेम होते. तेच फिरून फिरून.

राजेश (सेक्रेटरी): ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. उद्या टाकी धुणार, १० ते १ पाणी नाही.

मंदार: बंदूक कोणाकडे आहे?

साने काका: वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला एक टांगलेली आहे. लाल टेपवाली. मी कालच त्याला शाबासकी दिली.

मंदार: आलो खाली. प्रसाद, तूही कॅसेट घेऊन ये.

मेघा: माळ्यावर आहे. मी देते.