मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, तरी चेक इंजिनचा दिवा जात नाही

घोडबंदर_ग्रस्त: सेन्सर बदलला, दोन दिवसांत दिवा पुन्हा हजर. गॅरेजवाला आता म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. शनिवारी कोकणात निघायचंय. ठाण्यात खात्रीचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर पटकन सांगा.

कळवेकर: गाडी कोणती? स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला?

घोडबंदर_ग्रस्त: पी0135. पेट्रोल.

वाशीचे_अण्णा: म्हणजे धुराच्या नळीवरच्या दोन सेन्सरपैकी पुढच्याच्या हीटरचं सर्किट. सेन्सर 300 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट सिग्नल देत नाही, म्हणून आत हीटर असतो. प्लग काढा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन, बहुधा पांढऱ्या, त्या हीटरच्या. सेन्सर थंड असताना त्या दोन्हींत मीटर लावा. पाच-दहा ओहम दाखवला तर हीटर शाबूत. मग इंजिन चालू ठेवून गाडीकडच्या प्लगवर 12 व्होल्ट येतात का बघा. ईसीएम फक्त अर्थिंग देतो, त्याच्यावर सगळ्यात शेवटी जायचं.

सीएनजी_दादा: एवढा उपद्व्याप कशाला? बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा. माझा दिवा तसाच गेला.

वाशीचे_अण्णा: आणि परत आला असेल. थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही, दादा.

सीएनजी_दादा: माझा नाही आला. असो. इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकून बघा.

मुलुंड_चेकनाका: दिवा लागलेला असताना पीयूसी मिळते का?

कळवेकर: तिथे धुरातलं सीओ-एचसी (कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन) मोजतात, डॅशबोर्ड कोण बघतंय. @ग्रस्त, गाडी कोणती ते राहिलंच. आणि कोड एकच आहे का?

घोडबंदर_ग्रस्त: पी0141 पण होता. तो मागच्या सेन्सरचा, म्हणून लिहिला नाही.

वाशीचे_अण्णा: अहो, सगळी मेख तिथेच आहे! दोन हीटर एकदम जळत नाहीत. बऱ्याच गाड्यांत दोघांना एकच फ्यूज असतो. आधी तो बघा.

घोडबंदर_ग्रस्त: उडालाय. त्याच अँपिअरचा नवा टाकला, स्टार्ट केल्या केल्या तोही उडाला. आता?

सीएनजी_दादा: मोठ्या अँपिअरचा टाका.

वाशीचे_अण्णा: अजिबात नको, वायरिंग पेटेल. दोन्ही सेन्सरचे प्लग काढून फ्यूज टाका. टिकला तर एकेक जोडा, ज्याला उडेल तो सेन्सर किंवा त्याच्याच वायरी शॉर्ट. प्लग काढलेले असतानाही उडाला तर हार्नेस, म्हणजे गाडीतला वायरींचा जुडगा, तपासा. नवा सेन्सर बसवताना वायर क्लिपमधून सुटून मॅनिफोल्डला (इंजिनलगतच्या धुराच्या गरम नळीला) टेकली असेल तर तिथे वितळलेलं प्लास्टिक दिसेल. गाडी रात्रभर गार होऊ द्या, मगच हात घाला.

मुलुंड_चेकनाका: पीयूसी बीएस6 ला पण तशीच का?