तळघरात रेडॉन २४० दाखवतोय, पंखा हवा बाहेर फेकणारा लावू की आत घेणारा?

नमस्कार मंडळी. चोपड्याला आमच्या जुन्या वाड्याचं तळघर आहे. पूर्वी तिथं दादर ज्वारीची पोती असायची, आता दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका चालवतो. मे महिन्यात वर अंग भाजतं तेव्हा खाली गारवा, त्यामुळे सकाळी सातला आलेली पोरं रात्री दहालाच उठतात. घोर तोच लागलाय.

भाचा भौतिकशास्त्र शिकवतो. तो रेडॉनचा मीटर ठेवून गेला. रेडॉन म्हणजे खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, जमिनीतून वर येतो. आमच्याकडचा काळा खडक बेसाल्ट, त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांची सरासरी आली, ओसरीवर ३५ बेक्वेरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर, खाली २४०! जागतिक आरोग्य संघटना म्हणते १०० च्या आत ठेवा, नाहीच जमलं तर ३०० ओलांडू नका. सकाळी कुलूप काढताना ४०० च्या पुढे असतो, दार उघडं राहिलं की दुपारी दीडशेवर येतो.

उत्तरेच्या भिंतीपलीकडे जुना आड आहे, वर नुसती फळकुटं. त्याच कोपऱ्यात शहाबादी फरशी आणि भिंतीमध्ये बोट जाईल एवढी फट. तिथं उदबत्ती धरली तर धूर खोलीकडे वळतो, म्हणजे हवा जमिनीतूनच आत येतेय.

वायरमन म्हणतो एक्झॉस्ट बसवा. भाचा म्हणतो, मामा, बाहेरून हवा यायला वाट नसेल तर खोलीतला दाब कमी होईल आणि फटीतून रेडॉन आणखी ओढला जाईल. त्यापेक्षा फरशीखाली पाइप घालून पंख्याने गच्चीवर सोडा. फरशीखाली नुसता मुरूम आहे, असं काम कोणी केलंय का? साधारण खर्च?

दुसरं, मीटरवर विसंबू की तीन महिने एलआर-११५ फिल्म (रेडॉनच्या किरणोत्साराचे माग टिपणारी पट्टी) लावून घेऊ? पावसाळ्यात सगळं बंद असतं, तेव्हाचा आकडा मला जास्त हवाय.

(पेवात उतरताना कंदील सोडतात तसा सोडून बघा, हा सल्ला दोघांनी दिलाय. कंदील विझतो तो प्राणवायू कमी पडला तर. रेडॉनला ना रंग ना वास, त्याचं कंदिलाला काय कळणार!)

दोन पोरं टपरीवर सिगारेट ओढतात. धूम्रपान आणि रेडॉन मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो, हे त्यांना सांगितलंय. पालकांना अजून नाही, आधी उपाय हातात असावा असं वाटतं. चुकतंय का माझं?

गवंडी परवा येतोय. आधी फट बुजवू की आडावर पक्कं झाकण टाकू, तेवढं तरी उद्यापर्यंत सांगा भाऊ.