अल्टरनेटर बदलण्याआधी अर्थिंग बघा

जुन्या गाडीत डायनॅमो काढून अल्टरनेटर (दोन्ही इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतात) बसवला तरी हेडलाइट लावले की बॅटरीवर 13 व्होल्टच दिसतात, चार्जिंग कमी पडतं, म्हणजे अल्टरनेटरच खराब, असं या चर्चेत दोघांनी म्हटलंय. मला नाही पटत. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा. मग तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस. कुठेही अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर आधी ती वायर आणि तिचे सांधे बघा.

आमच्या इंदूरच्या फियाटमध्ये प्लसची बाजू ठणठणीत होती, व्होल्ट हरवत होते ते अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे करंट परत नेणाऱ्या बाजूला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे चॅसिसशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारी पट्टी हाच करंटचा खरा रस्ता. वरून ती धड दिसायची. बोल्ट सोडला तर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा गंज आणि निम्म्या तारा तुटलेल्या. करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता, केबल हाताला गरम लागायची! जुना डायनॅमो जेमतेम 20-22 अँपिअरचा, म्हणून तेव्हा हे जाणवलं नव्हतं. आणि कृपा करून चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी लावू नका, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या साध्या बल्बातूनच मिळतो.