आकडे जुळत नाहीत, कारण प्रश्नच वेगळे

स्त्रियांच्या ऑनलाइन छळाबद्दल म्हटलं जातं की कुठे ११ टक्के जणी छळ झाल्याचं सांगतात, कुठे ७३, म्हणजे सगळेच आकडे हवेतले. मला नाही पटत. ११ टक्के हा युरोपियन युनियनच्या २०१४ च्या पाहणीतला आकडा, सर्वसाधारण स्त्रियांचा. ७३ टक्के युनेस्को आणि आयसीएफजे (पत्रकारांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्या २०२० च्या पाहणीतला, तोही फक्त पत्रकार स्त्रियांचा, आणि त्यांनी आपणहून उत्तरं दिलेली. या दोन आकड्यांची तुलना करणंच चूक.

खरी गोम प्रश्नाच्या शब्दांत असते. ‘ऑनलाइन छळ झाला का?’ विचारलं की बऱ्याच जणी ‘नाही’ म्हणतात. त्याच बाईला विचारा, ‘नको असताना कुणी अश्लील फोटो पाठवला का? ब्लॉक केल्यावर दुसऱ्या खात्यावरून मेसेज आले का? जोडीदार पासवर्ड मागतो का?’ मग उत्तरं बदलतात.

शिवाय एक मेसेज आणि महिनोन्‌महिने चाललेला पाठलाग, दोन्हींची नोंद अनेकदा एकच ‘हो’. फोनमध्ये गुपचूप टाकलेलं हेरगिरीचं ॲप तर सुटतंच. जिला पत्ताच नाही ती सांगणार काय? आणि जोडीदार फोन तपासत असेल तर पाहणीची लिंक त्याच फोनवर पाठवणं म्हणजे तिला संकटात ढकलणं. त्यापेक्षा पाहणीत कमी जणी आल्या तरी चालेल.